ब्लँकेटची पावती मिळत नाही

मार्च उजाडला की संस्थांची पत्रकं यायला लागतात. 'बेघरांना आधार द्या, ५० टक्के करसवलत मिळवा.' वाचणारा मनातल्या मनात हिशेब करतो: २०,००० दिले की १०,००० कर वाचला. तसं काही होत नाही. आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली देणगीवर मिळणारी वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे, आणि तीही निम्म्याच रकमेची.

एका पगारदाराचं उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६, वार्षिक पगार १२,५०,०००. जुन्या करप्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले १२,००,०००. ८०सीचे (पीएफ, आयुर्विमा अशा बचतीचे) १,५०,००० आणि ८०डीचे (आरोग्यविम्याचे) २५,००० वजा केले की १०,२५,०००. या माणसाने निवारागृह चालवणाऱ्या संस्थेला २०,००० दिले. त्यातले निम्मे वजा होऊन करपात्र उत्पन्न १०,१५,००० झालं. वरचा टप्पा ३० टक्क्यांचा, म्हणून वाचले ३,०००. त्यावरचा ४ टक्के उपकर धरला तर ३,१२०. म्हणजे २०,००० ची देणगी त्याला १६,८८० ला पडली. २० टक्क्यांच्या टप्प्यात असता तर २,०८० वाचले असते.

खरी मेख पुढे आहे. देणगीची वजावट घेऊनही या माणसाचा जुन्या प्रणालीतला कर १,२१,६८० होतो. नव्या प्रणालीत गेला तर ७५,००० ची प्रमाणित वजावट होऊन ११,७५,००० उरतात, आणि १२ लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे, म्हणजे करमाफीमुळे, कर शून्य. नव्या प्रणालीत ८०जी मिळत नाही. ती मिळावी म्हणून जुन्या प्रणालीत राहणं म्हणजे ३,१२० साठी सव्वा लाखाच्या आसपास भरणं. घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, ८०सी, विमा असं सगळं मिळून वजावटी खरोखर मोठ्या असतील तरच जुनी प्रणाली परवडते, आणि तेव्हाच ८०जीचा प्रश्न उभा राहतो. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर पगारदाराने विवरणपत्र मुदतीत, म्हणजे साधारणपणे ३१ जुलैपर्यंत भरून त्यात तसा पर्याय निवडायचा. मुदत चुकली की जुनी प्रणाली गेली, आणि तिच्यासोबत ८०जीही गेली.

हे आधी सांगायचं कारण असं की आजच्या घडीला बहुतेक पगारदारांना बेघरांसाठीच्या देणगीवर एक रुपयाही कर वाचत नाही. तेव्हा संस्था निवडताना करसवलत हा निकष धरूच नये. कागद मात्र सगळे मागावेत, वजावट घ्यायची नसली तरी. जी संस्था पावतीत ढिली असते ती सहसा औषधांच्या साठ्यातही ढिली असते.

ज्यांना वजावट लागू होते त्यांच्यासाठी मर्यादेचं गणित. निवारागृह, फिरत्या मनोरुग्णांचं पुनर्वसन, रस्त्यावरच्या मुलांचं काम करणाऱ्या खासगी संस्था जवळपास सगळ्या '५० टक्के, मर्यादेसह' या गटात येतात. मर्यादा म्हणजे समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या १० टक्के. ढोबळ उत्पन्नातून दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, शेअरवरचा विशेष दराचा अल्प मुदतीचा नफा आणि ८०जी सोडून बाकीच्या वजावटी काढल्या की उरतो तो आकडा. वरच्या उदाहरणात तो १०,२५,००० आहे, म्हणून मर्यादा १,०२,५००. याच माणसाने ३,००,००० दिले असते तर हिशेबात १,०२,५०० च धरले जातील आणि वजावट होईल ५१,२५०. उरलेले पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्चमध्ये एक हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा, असं दोन आर्थिक वर्षांत विभागणं एवढाच सरळ मार्ग आहे.

काही जुन्या पत्रकांवर अजून '३५एसी, १०० टक्के सूट' छापलेलं दिसतं. ती सवलत आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून बंद आहे. १०० टक्के वजावट पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी अशा ठरावीक निधींना मिळते. एखादी स्थानिक संस्था १०० टक्क्यांचं आश्वासन देत असेल तर ती एकतर जुनं पत्रक वाटते आहे किंवा तुम्हाला गंडवते आहे.

कायद्याचं एक सांगून टाकतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला. ८०जीची तरतूद त्यात कलम १३३ मध्ये आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणगीला जुनाच कायदा लागू. लोकांच्या तोंडी ८०जीच राहणार, म्हणून इथेही सवयीची जुनी नावंच ठेवली आहेत.

आता ब्लँकेटकडे. ८०जी फक्त पैशांच्या देणगीला मिळते. वस्तूला नाही. दुकानातून ५०,००० ची ब्लँकेटं पक्क्या बिलावर घेऊन संस्थेला दिली तरी वजावट शून्य. धान्य, कपडे, औषधं, जुना फ्रीज, सगळं तसंच. फुटपाथवरच्या माणसाच्या हातात दिलेले पैसे, ओळखीच्या बेघर कुटुंबाच्या खात्यावर पाठवलेली डिपॉझिटची रक्कम, एखाद्याच्या ऑपरेशनसाठी ऑनलाइन मोहिमेत भरलेले पैसे, यांतल्या कशालाही वजावट नाही, कारण घेणारी व्यक्ती आहे, मान्यताप्राप्त संस्था नाही. देऊ नका असं नाही. वजावटीच्या रकान्यात मांडू नका, इतकंच.

पण ब्लँकेटचा खरा प्रश्न कराचा नाहीच. डिसेंबर-जानेवारीत रेल्वे स्टेशनबाहेर, देवळाबाहेर, मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर एकाच रात्री तीन-तीन गट ब्लँकेटं वाटून जातात. ज्याच्याजवळ कुलूप लावायला दार नाही तो दुसरं ब्लँकेट ठेवणार कुठे? सकाळी उठून कामाच्या नाक्यावर जायचं तर गाठोडं सोबत न्यावं लागतं किंवा झाडाच्या ढोलीत, दुभाजकाच्या आड, ओळखीच्या टपरीमागे खुपसून ठेवावं लागतं. संध्याकाळी परत यावं तर अतिक्रमणविरोधी गाडीने किंवा सफाईने ते उचललेलं असतं. म्हणून मिळालेलं जादा ब्लँकेट त्याच रात्री विकलं जातं आणि वाटणारा म्हणतो, 'यांना काही देऊन उपयोग नाही.' ब्लँकेट विकणाऱ्याचं गणित बरोबर असतं, चूक देणाऱ्याची असते. त्या पैशांत निवाऱ्यात कुलपाची पेटी बसली तर एक ब्लँकेट आख्खा हिवाळा पुरतं.

शिवाय आपल्याकडे रस्त्यावर झोपणाऱ्याचे सगळ्यात हाल पावसाळ्यात होतात. त्या चार महिन्यांत वाटप करणारे फारसे कोणी फिरकत नाहीत. भिजलेलं जाड ब्लँकेट दिवसच्या दिवस वाळत नाही आणि ओल्या अंथरुणावर गजकर्ण पसरतं. त्या काळात उपयोगाच्या वस्तू म्हणजे ताडपत्री, पटकन वाळणारी चादर, रबरी चपला, बुरशीवरचं मलम आणि पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करणारा माणूस. शेवटची गोष्ट वस्तू नाही, पगार आहे, आणि देणगीदाराला पगार द्यायला नको असतो.

जुने कपडे द्यायचेच असतील तर संस्थेला आधी फोन करा. बेघर निवाऱ्यांत पुरुषांची संख्या बहुधा जास्त असते आणि आपल्या कपाटातून निघतात साड्या, ड्रेस, लहान मुलांचे कपडे. मागणी असते पुरुषांच्या पॅंट, अंतर्वस्त्रं (नवीनच), टॉवेल आणि चपलांना. धुऊन, चेन-बटणं तपासून, मापाची चिठ्ठी लावून द्या. न निवडता पाठवलेली गोणी निवडायला संस्थेच्या माणसाचा अर्धा दिवस जातो.

बेघर कोणाला म्हणायचं, तेही पाहू. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणारे येतात. २०११ च्या जनगणनेत देशात असे १७,७३,०४० लोक मोजले गेले, त्यांतले ९,३८,३४८ शहरांत. महाराष्ट्रातला आकडा २ लाखांवर होता. झोपडपट्टी यात येत नाही. हा फरक संस्थेला विचारून घ्या, कारण 'बेघरांसाठी' म्हणून गोळा केलेला पैसा पुष्कळदा वस्तीतल्या बालवाडीवर खर्च होतो. ते काम चांगलंच आहे, पण तुम्ही ज्यासाठी दिले ते नव्हे.

निवारागृहाचे निकष कागदावर स्पष्ट आहेत. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लक्ष घातल्यावर, आणि पुढे २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा, चोवीस तास आणि बारा महिने उघडा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असं सूत्र ठरलं. इमारत बहुतेकदा महापालिकेची आणि चालवणारी संस्था. पालिकेचं अनुदान उशिरा येतं, पण रात्रीचा काळजीवाहक, स्वच्छता कामगार, वीज, पाणी, फिनेल यांना उशीर चालत नाही. ही मधली पोकळी भरून काढणारी देणगी सगळ्यात मोलाची आणि मिळायला सगळ्यात अवघड.

जेवणाचं उलट आहे. वाढदिवस, सर्वपित्री अमावस्या, पुण्यतिथी, ३१ डिसेंबर या दिवशी एका निवाऱ्यात दोन-तीन पंगतींचे फोन येतात. एखाद्या साध्या मंगळवारी एकही येत नाही. 'माझ्या तारखेलाच आणि माझ्या हातून' हा आग्रह सोडला तर तोच पैसा महिनाभराच्या डाळ-तांदळाला पुरतो. वजावटीच्या बाजूनेही तेच बरं: केटररला दिलेल्या बिलावर ८०जी नाही, संस्थेच्या खात्यावर भरलेल्या रकमेवर आहे.

बेघरांच्या कामातला आणखी एक खर्च फोटोत दिसत नाही, तो म्हणजे कागदपत्रांचा. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशनकार्ड नाही, बँकेत खातं नाही, सरकारी योजनेतून उपचार नाहीत. वाट असते, पण कोणीतरी सोबत जावं लागतं. मतदार नोंदणीचंच बघा. बेघर माणसाने फॉर्म ६ मध्ये जी झोपायची जागा लिहिली असेल तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का ते पाहतो, एकापेक्षा जास्त रात्री. खात्री पटली की पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही. हे सगळं घडवून आणणारा कार्यकर्ता वर्षभर ठेवायचा म्हणजे पगार आणि रिक्षाभाडं. तसंच फिरत्या मनोरुग्णांचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार असा माणूस सापडला की पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. पुढचे महिने लागतात ते औषधांना आणि गावाचं नाव जुळवायला. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला: रस्त्यावरून उचलणं, बरं करणं, घरी पोचवणं. घरी पोचवणं म्हणजे रुग्णासोबत सांभाळणारी माणसं, त्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि पुढच्या औषधांचा साठा. देणगीपत्रावर 'प्रवास' लिहिलेलं दिसलं तर नाक मुरडू नका.

संस्थेला एकच आकडा विचारायचा असेल तर एका खाटेचा एका रात्रीचा खर्च विचारा. समजा वर्षाचा चालू खर्च ३६,५०,००० आणि क्षमता १०० खाटांची. ३६५ रात्री धरून खाटेमागे रात्रीला १०० रुपये. पण सरासरी ६० च जण झोपत असतील तर खरा खर्च १६७ च्या आसपास. ज्या व्यवस्थापकाला स्वतःची सरासरी हजेरी तोंडपाठ आहे तिथे पैसे द्यायला हरकत नाही. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा कमी' या जाहिरातीला भुलू नका. निवाऱ्यात काळजीवाहकाचा पगार हेच काम असतं.

संस्था तपासायची कशी? महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, क्रमांक बहुधा 'ई' किंवा 'एफ' अक्षराने सुरू होणारा. ही नोंदणी म्हणजे ८०जी नव्हे. आयकराची वेगळी दोन मान्यतापत्रं लागतात, संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी १२एबी आणि देणगीदारासाठी ८०जी. दोन्हींवर मुदत असते, तात्पुरती असेल तर ३ वर्षं आणि नियमित असेल तर ८०जीसाठी ५ वर्षं. पूर्वीची 'कायमस्वरूपी' ८०जी पत्रं आता चालत नाहीत. २०२१ पासून सगळ्यांना नव्याने मान्यता घ्यावी लागली. म्हणून पत्राची प्रत मागा आणि तुमची देणगीची तारीख त्या मुदतीत बसते का ते बघा. मुदत संपली असताना घेतलेल्या देणगीवर वजावट जाते, आणि ते तुम्हाला कळतं थेट नोटीस आल्यावर.

गणेशोत्सवात मंडळं सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. पावतीपुस्तकावर तो क्रमांक असतो, म्हणून लोकांना ती पावती 'सरकारी' वाटते. तिला ८०जी लागू होत नाही, मंडळाने त्या पैशांत बेघरांना जेवण दिलं तरी.

पॅनची एक सोपी खूण आहे. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. न्यासाला 'टी', सेक्शन ८ (ना-नफा) कंपनीला 'सी', सोसायटी म्हणून नोंदलेल्या बऱ्याच संस्थांना 'ए'. पावतीवरच्या पॅनमध्ये चौथ्या जागी 'पी' असेल तर ते एका व्यक्तीचं पॅन आहे, संस्थेचं नाही. तिथेच थांबा. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर येणारं खात्याचं नावही वाचा. संस्थेचं नाव एक आणि खातं अध्यक्षांच्या नावाचं, असं निघालं तर पैसे पाठवू नका. 'खातं उघडायचं काम चालू आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

पैसे देण्याच्या पद्धतीत लोक हमखास एक चूक करतात. रोखीची मर्यादा २,००० आहे. याचा अर्थ ५,००० रोख दिले तर २,००० धरले जातील असा नाही. ५,००० च्या ५,००० बाद. चेक, बँक ट्रान्सफर, यूपीआय, कार्ड, काहीही चालतं. स्वतःच्या खात्यातून द्या आणि पॅनही त्याच माणसाचं द्या. नवऱ्याच्या खात्यातून पैसे आणि पावती बायकोच्या नावाने, असं केलं की पुढे पुरावा जुळत नाही. सोसायटीने किंवा ऑफिसच्या गटाने वर्गणी काढून एकाच्या खात्यातून रक्कम भरली तर पावती त्या एकाचीच होते. बाकीच्यांना वजावट हवी असेल तर प्रत्येकाने थेट भरावं. ऑनलाइन मंचावरून देताना मंचाला दिलेली 'टिप' देणगी नसते. १,००० पैकी १०० टिप असेल तर पावती ९०० ची येते.

संस्था पॅन मागते म्हणून काही जण चिडतात. तिच्याकडेही कारण आहे. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर संस्थेला ३० टक्के कर लागतो.

देणगीसोबत दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल जोडा: रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, पूर्ण नाव पॅनप्रमाणे, पत्ता, आणि कशासाठी. 'कॉर्पस' हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून लिहू नका. कॉर्पस म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवायची, खर्चायची नाही. निवाऱ्याचं वीजबिल थकलेलं आणि तुमचे ५०,००० मुदतठेवीत, असं होतं. 'निवारा चालवण्याच्या खर्चासाठी' एवढं पुरे.

वेळेचंही बघा. संस्थेला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. नाहीतर पुढे न्यायचे म्हणून वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. त्यामुळे ३० मार्चला आलेली मोठी देणगी लेखापालाची झोप उडवते आणि कधी कधी घाईघाईने नको ती खरेदी होते. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर दिलेले पैसे ताडपत्रीला आणि गळक्या छपराला लागतात. वजावट तेवढीच मिळते.

पूर्वी पावती मिळाली की काम झालं. २०२१-२२ पासून पावती पुरेशी नाही. संस्था वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरते, आणि त्यातून प्रत्येक देणगीदाराचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, तयार होतं. त्यावर देणगीचा संदर्भ क्रमांक, म्हणजे एआरएन, असतो. विवरणपत्राच्या ८०जी तक्त्यात ५० टक्के मर्यादेच्या गटासाठी तो क्रमांक लागतो, सोबत संस्थेचं नाव, पत्ता, पॅन आणि रोख व इतर मार्गाने दिलेली रक्कम वेगवेगळी. एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून मोकळं होणाऱ्यांची इथे अडचण होते, तोवर एआरएन आलेलाच नसतो. ऑफिसला मार्चमध्ये पावती देऊनही फॉर्म १६ मध्ये ती दिसत नाही म्हणून भांडू नका. काही सरकारी निधी सोडले तर मालकाने ८०जी धरायची नसते, ती तुम्ही विवरणपत्रात मागायची.

१०बीडी भरताना होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. पॅनमधला शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल, दोन देणग्या एकत्र करताना एक गळणं, रोख-ऑनलाइनचा रकाना चुकणं. चूक सापडली तर संस्थेला दुरुस्त विवरण भरता येतं, तुम्ही स्वतः काही बदलू शकत नाही. लहान संस्थांत हे काम एका अर्धवेळ लेखनिकाकडे असतं. मुदत चुकली तर दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क बसतं, म्हणजे तेवढे पैसे बेघरांच्या वाट्यातूनच जातात. देणगीसोबत नीट लिहिलेला ईमेल पाठवायचं महत्त्व इथे कळतं.

आणि एक धंदा आहे त्याबद्दल. 'चेक द्या, ८०जी पावती घ्या, कमिशन कापून बाकी रोख परत.' गरिबांच्या नावाने चालणारा हा प्रकार आता पकडला जातो, कारण दोन्ही बाजूंची माहिती एकाच पॅनवर जुळते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, वर कर आणि व्याज. असा सल्ला देणारा सल्लागार असेल तर त्याला आधी बदला.

परदेशातल्यांसाठी थोडंसं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान धरले जात नाहीत, आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तर त्याला ८०जीही मिळते. नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ते विदेशी योगदान ठरतं. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जायला हवेत. भाच्याच्या खात्यावर पाठवून 'तू तिकडे भर' म्हणणं हा शॉर्टकट संस्थेला नोंदणी गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

एकरकमी देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम निवाऱ्याला जास्त उपयोगी पडते. पगार दर महिन्याला असतो आणि १,५०० रुपये देणारे पंधरा-वीस जण मिळाले की रात्रीच्या काळजीवाहकाची चिंता पुष्कळशी मिटते. पण ऑटो-डेबिट लावून विसरू नका. जूनमध्ये १०बीई आलं की बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघा. १,५०० च्या १२ हप्त्यांचे १८,००० व्हायला हवेत. प्रमाणपत्रावर १३,५०० असतील तर तीन हप्ते गेलेलेच नाहीत. शोधलं की कारण बहुतेकदा एकच निघतं: मध्येच कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड आलं, आणि संस्थेकडचा आदेश जुन्याच कार्डावर राहिला.